सिग्नलच्या चौकातून सायकल कशी न्यावी, आणि मोटारचालकाने काय पाहावे

सिग्नलचा चौक नवख्या सायकलस्वाराला दोन प्रकारे फसवतो. काहींना तो इतका धास्तावून सोडतो की ते रस्त्याच्या अगदी कडेला चिकटतात आणि नेमक्या चुकीच्या जागी जाऊन उभे राहतात. तर काहींना हिरवा दिवा लागला म्हणजे वाट आपलीच, असे वाटू लागते. दोन्हींच्या मुळाशी गैरसमज एकच आहे. सिग्नल रस्ता वाटून देतो असे आपण मानतो, पण तो वाटून देतो ती फक्त वेळ. आडव्या रस्त्यावरची वाहने तो थांबवतो. मात्र तुमच्याच रस्त्यावर, तुमच्याच हिरव्या दिव्यावर, तुमच्या शेजारून निघालेली मोटार सरळ जाणार की वळणार, आणि वळताना तुम्ही तिच्या वाटेत याल की नाही, याच्याशी त्या दिव्याला काही देणेघेणे नसते. ही जागेची वाटणी सायकलस्वाराला आणि चालकाला आपापसांतच करावी लागते, आणि ती कशी करावी हे शिकता येते.

पुढील सर्व वर्णनात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात असे धरले आहे. वाहतूक उजव्या बाजूने चालते अशा देशांत डावे-उजवे उलटे करून वाचावे. बाकी काही बदलत नाही.

सायकल नेण्यापूर्वी चौक पायी पाहावा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि मला ती सर्वांत उपयोगी वाटते. ज्या चौकातून तुम्हाला रोज जायचे आहे, त्याच्या कोपऱ्यावर पदपथावर दहा मिनिटे उभे राहावे आणि सिग्नलच्या निदान तीन-चार फेऱ्या पूर्ण पाहाव्यात. हिरवा दिवा किती सेकंद टिकतो, समोरच्या बाजूचा हिरवा दिवा तुमच्या दिव्याबरोबरच लागतो की स्वतंत्रपणे, वळणाऱ्यांसाठी वेगळा बाण आहे का, डावीकडे वळणाऱ्यांना न थांबता जाता येईल अशी मोकळी मार्गिका आहे का, आणि बहुसंख्य वाहने प्रत्यक्षात कोणत्या दिशेला जातात, हे सर्व पायी उभे राहून निवांत दिसते. सायकलवर बसून त्यातले निम्मेही दिसत नाही.

त्यातही समोरून येणाऱ्यांचा प्रश्न नीट पाहावा. समोरच्या वाहनांचा हिरवा दिवा तुमच्या दिव्याबरोबरच लागत असेल, तर समोरून उजवीकडे वळणारी प्रत्येक मोटार तुमची सरळ वाट कापणार आहे. त्यांना वळणासाठी स्वतंत्र बाण दिलेला असेल, तर तुमच्या फेरीत ही भीती बरीच कमी होते. दोन चौक दिसायला सारखे असूनही या एका फरकाने ते पूर्णपणे वेगळे ठरतात.

चौकाच्या अलीकडे तीस मीटर

चौकातली बहुतेक कामे चौकात शिरण्याआधीच उरकायची असतात. थांबरेषेच्या सुमारे 30 मीटर अलीकडे तीन गोष्टी या क्रमाने कराव्यात: उजव्या खांद्यावरून मागे पाहावे, हाताने इशारा करावा, आणि मगच जागा बदलावी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी हात दाखवून मग मागे पाहणाऱ्या माणसाने मनाने वळण घेतलेलेच असते आणि त्याचे पाहणे नावापुरते उरते.

खांद्यावरून मागे पाहणे वाटते तितके सोपे नाही. मान वळली की नवख्याचे हॅंडलही त्याच बाजूला वळते आणि सायकल अर्धा मीटर तरी सरकते. म्हणून हा सराव आधी मोकळ्या जागी, जमिनीवरच्या एखाद्या सरळ रेषेवरून सायकल चालवत करावा. मागे उभ्या असलेल्या मित्राने किती बोटे दाखवली हे सांगता आले आणि सायकल रेषेवरच राहिली, म्हणजे ही कला आली असे समजावे.

पाहून झाले की जागा घ्यावी. एरवी रस्त्याच्या डाव्या भागातून जाणाऱ्या सायकलस्वाराने सिग्नलच्या चौकात सरळ जाताना आपल्या मार्गिकेच्या मधोमध यावे. हे वाचून नवखे दचकतात, कारण मागच्या मोटारीच्या वाटेत येणे म्हणजे आगाऊपणा असे त्यांना वाटते. परंतु कडेला राहिल्याने मागच्या चालकाला जो मोह होतो, तोच खरा घातक असतो: त्याच मार्गिकेतून तुमच्या शेजारून पुढे जायचे आणि लगेच तुमच्यासमोरून डावीकडे वळायचे. तुम्ही मध्यात असाल तर त्याला तुमच्या मागे थांबूनच वळावे लागते, आणि त्याचे जास्तीत जास्त चार-पाच सेकंद जातात. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये, म्हणजे तेथील रस्तेवाहतुकीच्या अधिकृत नियमपुस्तिकेत, 2022च्या जानेवारीअखेर जे बदल झाले, त्यांत चौकाजवळ सायकलस्वाराने मार्गिकेच्या मध्यातून जावे हा सल्ला स्पष्ट शब्दांत आला. वळणाऱ्या चालकाने सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराची वाट कापू नये हेही त्याच बदलांत लिहिले गेले.

डावीकडे वळणाऱ्यांसाठी मोकळी मार्गिका असलेल्या चौकात सरळ जायचे असेल, तर ही जागा आणखी आधी घ्यावी. अशा ठिकाणी वाट कापली जाते ती थांबरेषेपाशी नाही, तर ती मार्गिका फुटते तेथे. आणि तेथे मोटारींचा वेगही जास्त असतो, कारण त्यांना थांबायचेच नसते.

याच टप्प्यात गिअर हलका करून घ्यावा. जड गिअरमध्ये थांबलेली सायकल हिरव्या दिव्यावर निघताना डोलते, आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्या दोन्ही बाजूंनी वाहने निघालेली असतात.

रांगेच्या कडेने पुढे जावे की नाही

लाल दिव्यावर मोटारींची रांग लागली आहे आणि डाव्या कडेला सायकलपुरती फट आहे. पुढे जावे का? कायदा अनेक ठिकाणी जाऊ देतो, काही ठिकाणी सायकलींसाठी तशी पट्टीही आखलेली असते. तरीही निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो, आणि शंका असेल तेथे रांगेतच शेवटच्या मोटारीमागे, मार्गिकेच्या मध्यात उभे राहणे हा कमीपणा मुळीच नाही.

पुढे जायचेच असेल तर दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. दिवा लाल होऊन किती वेळ झाला? लाल दिवा नुकताच लागलेला तुम्ही स्वतः पाहिला असेल, तर वेळ हाताशी आहे. तुम्ही येण्याआधीपासून तो लाल असेल, तर तो कोणत्याही क्षणी हिरवा होईल आणि रांग हलायला लागेल तेव्हा तुम्ही फटीत अडकलेले असाल. दुसरा प्रश्न असा की रांगेत अवजड वाहन आहे का? असेल तर तेथेच थांबावे.

हा दुसरा मुद्दा सविस्तर सांगायला हवा, कारण सिग्नलच्या चौकात सायकलस्वारांना होणारे सर्वांत भीषण अपघात येथेच घडतात. लांब ट्रक किंवा ट्रेलर वळतो तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. वाहन जितके लांब आणि वळण जितके अरुंद, तितके हे सरकणे जास्त. म्हणून ट्रकच्या डाव्या अंगाला दिसणारी दीड मीटरची मोकळी जागा वळण पूर्ण होईपर्यंत शून्यावर येते, आणि तेथे उभ्या असलेल्या माणसाला एकीकडे पदपथाचा कठडा आणि दुसरीकडे चाके यांच्यामध्ये निसटायला वाव राहत नाही. भरीस भर म्हणजे, मागची चाके कोपऱ्यावर चढू नयेत म्हणून अनेक चालक डावीकडे वळण्याआधी ट्रक किंचित उजवीकडे घेतात. मागून पाहणाऱ्याला तो ट्रक सरळ किंवा उजवीकडे चालल्यासारखा दिसतो आणि डावीकडची फट आणखी मोठी झाल्यासारखी वाटते. ती फट आमंत्रण नाही.

चालकाला तुम्ही दिसत का नाही, तेही समजून घ्यावे. उंच केबिनमध्ये बसलेल्या चालकाच्या खिडकीची खालची कडच उभ्या माणसाच्या डोक्याच्या आसपास असते. त्यामुळे केबिनच्या डाव्या दाराला लागून आणि थेट बंपरसमोर उभा असलेला सायकलस्वार त्याच्या नजरेतून पूर्ण निसटू शकतो. आरशांमुळे यातला काही भाग दिसतो, सगळा नाही. लंडनमध्ये 12 टनांहून जड ट्रकना केबिनमधून थेट किती दिसते यावरून शून्य ते पाच तारे दिले जातात. 2021पासून किमान ताऱ्यांशिवाय किंवा जादा सुरक्षा साधनांशिवाय अशा ट्रकना शहरात येण्याची परवानगी मिळत नाही, आणि 2024मध्ये ही अट एका ताऱ्यावरून तीन ताऱ्यांवर नेण्यात आली. सर्वत्र अशी अट नाही. त्यामुळे साधी कसोटी अशी: तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, थेट किंवा आरशात, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आणि त्याचा चेहरा दिसला तरी त्याने तुम्हाला पाहिलेच, असे धरू नये.

बस आणि मोटारींच्या रांगेत आणखी एक धोका असतो, तो दारांचा. लाल दिवा लांबला की मागे बसलेला प्रवासी येथेच उतरतो म्हणतो आणि डावे दार उघडतो. रांगेच्या कडेने जायचेच झाले तर चालण्याच्या वेगाने, दोन्ही ब्रेकांवर बोटे ठेवून जावे. दोन वाहनांच्या मधून रस्ता ओलांडणारा पादचारीही याच फटीत अचानक समोर येतो.

कोठे थांबावे

काही शहरांत मोटारींची थांबरेषा मागे ठेवून तिच्यापुढे सायकलींसाठी एक चौकट आखलेली असते. तिची खोली साधारण 4 ते 5 मीटर असते, आणि तिचा हेतू सायकलस्वारांना सर्वांच्या नजरेसमोर आणणे हा आहे. ही चौकट मिळाली तर तिच्या कोपऱ्यात अंग चोरून उभे राहू नये. ज्या दिशेला जायचे आहे त्या मार्गिकेच्या समोर, मध्यावर उभे राहावे. मागे ट्रक असेल तर त्याच्या बंपरपासून शक्य तितके पुढे सरकावे.

चौकट नसेल तर पहिल्या मोटारीच्या शेजारी उभे राहू नये. एकतर तिच्या मागे राहावे, किंवा चालकाला तुम्ही पूर्ण दिसाल इतके पुढे. शेजारी उभे राहणे म्हणजे दोघेही एकाच क्षणी निघणार आणि त्यातला एक दुसऱ्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात असणार. मात्र पुढे म्हणजे पादचाऱ्यांच्या झेब्रा पट्ट्यांवर नव्हे. मोटारींनी पट्टे अडवल्याची तक्रार सायकलस्वार फार करतात आणि स्वतः तेथेच जाऊन उभे राहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि सुरुवातीच्या काळात केलेही आहे.

थांबताना एक पाय जमिनीवर आणि दुसरा पेडलवर, पेडल वर आणि किंचित पुढे, अशा स्थितीत ठेवावे. पहिल्याच दाबाला सायकल सरळ रेषेत निघते.

हिरव्या दिव्याचे पहिले काही सेकंद

दिवा हिरवा झाला की लगेच दाब न देता एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे आणि एकदा समोर पाहावे. आडव्या रस्त्यावरचा कोणी लाल दिवा तोडून येत असेल तर तो याच क्षणी येतो. उलटी गणती दाखवणारे आकडे असलेल्या चौकांत हे अधिकच जपावे, कारण शेवटच्या सेकंदांत एकीकडचे लोक वेग वाढवतात आणि दुसरीकडचे शून्य येण्याआधीच निघतात.

आता पुढचा हिशोब पाहावा. थांबलेल्या अवस्थेतून निघालेल्या सामान्य सायकलस्वाराला 25 मीटर रुंदीचा चौक पार करायला सुमारे 8 ते 9 सेकंद लागतात. मोटारीला त्याच्या निम्माच वेळ पुरतो. म्हणजे तुम्ही चौकाच्या मध्यावर असताना तुमच्या मागून निघालेल्या दुसऱ्या-तिसऱ्या मोटारीही तुम्हाला गाठतात, आणि त्यांतली एखादी डावीकडे वळणारी असते. म्हणून पलीकडच्या बाजूला पोहोचेपर्यंत मार्गिकेची मध्यावरची जागा सोडू नये. पार झाल्यावर मागे पाहून, सावकाश डावीकडे यावे आणि मागच्यांना वाट द्यावी.

चौक पार करताना डाव्या हाताला चालणाऱ्या मोटारीपेक्षा उजव्या हाताला चालणाऱ्या मोटारीवर लक्ष ठेवावे, आणि तिच्या इंडिकेटरवर पूर्ण विसंबू नये. इंडिकेटर विसरला जातो, पण पुढचे चाक खोटे बोलत नाही. चाक वळायला लागलेले दिसले की ब्रेक दाबावा आणि गरज पडल्यास तिच्याबरोबरच डावीकडे वळावे. माझ्यावर एकदा तशी वेळ आली होती. एक मोटार मला ओलांडून इशाऱ्याशिवाय वळली, आणि मी जो वाचलो तो ब्रेकमुळे नाही, तर तिच्या समांतर वळून भलत्याच रस्त्याला लागल्यामुळे. परत फिरायला पाच मिनिटे लागली, त्याचे मला वाईट वाटले नाही.

समोरून उजवीकडे वळणाऱ्या वाहनाची खूण वेगळी असते. तो चालक मोटारींमधली फट शोधत असतो आणि त्याची नजर मोटारीच्या आकाराला सरावलेली असते. मोठ्या वाहनाच्या आडून बाहेर येणारी सायकल त्या नजरेत बसत नाही. म्हणून बस किंवा ट्रकच्या अगदी मागून, त्याच्या आडोशाने चौक ओलांडू नये. थोडे अंतर ठेवले तर समोरच्याला तुम्ही दिसता आणि तुम्हालाही तो दिसतो.

उजवे वळण

चौकातील सर्वांत अवघड काम उजवीकडे वळण्याचे, आणि त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत मोटारींसारखी: बऱ्याच आधी मागे पाहत एकेक मार्गिका ओलांडून उजव्या मार्गिकेत यायचे, चौकाच्या मध्यावर थांबायचे, समोरची वाहतूक ओसरली की वळायचे. एकच मार्गिका असलेल्या, संथ चौकात हे ठीक आहे. मार्गिका दोनांहून जास्त असतील किंवा वाहने वेगात असतील, तर नवख्याने या रीतीच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी रीत दोन टप्प्यांची. सरळ जाणाऱ्यांबरोबर चौक पार करायचा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यापाशी थांबायचे, सायकल उजव्या दिशेला तोंड करून आडव्या रस्त्याच्या थांबरेषेपुढे, पण झेब्रा पट्टे मोकळे ठेवून उभी करायची, आणि त्या रस्त्याचा दिवा हिरवा झाला की त्यांच्याबरोबर सरळ निघायचे. यात एका सिग्नलचा वेळ जादा जातो, पण एकही मार्गिका ओलांडून उजवीकडे सरकावे लागत नाही. डेन्मार्कमध्ये वाहतूक उजव्या बाजूने चालते, त्यामुळे तेथे लांबचे वळण डावीकडचे. ते सायकलस्वाराने अशा दोन टप्प्यांतच घ्यावे असा नियमच आहे. जगात सर्वाधिक सायकली चालवणाऱ्यांपैकी एका देशाला ही रीत भित्रेपणाची वाटत नाही, हे लाजणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. कोपऱ्यावर थांबायला जागाच नसेल, तर उतरून पादचारी म्हणून सायकल हाताने न्यावी.

इशाऱ्याबद्दल एक सूचना: हात दाखवायचा तो वळणाच्या आधी. प्रत्यक्ष वळताना आणि ब्रेक दाबताना दोन्ही हात हॅंडलवर असावेत.

डावे वळण यामानाने सोपे आहे. पादचाऱ्यांचा दिवा त्याच वेळी हिरवा असू शकतो, एवढे पाहून हळू वळावे.

पिवळा दिवा

पिवळा दिवा अनेक देशांत साधारण 3 सेकंद असतो, आणि हा काळ मोटारींचा वेग आणि त्यांना थांबायला लागणारे अंतर धरून ठरवलेला असतो. सायकलीला तो पुरत नाही. ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 5 मीटर. पिवळा लागताना तुम्ही रेषेवर असाल तरी 3 सेकंदांत 15 मीटरच जाल, आणि मोठ्या चौकात त्यानंतरही दहा-बारा मीटर उरतील. सर्व बाजूंना क्षणभर लाल ठेवण्याची सोय बहुतेक सिग्नलांत असते, परंतु ती एक-दोन सेकंदांची. त्यानंतर आडवी वाहतूक सुटते.

म्हणून जवळ येतानाच एक निर्णयाची जागा ठरवावी. कोरड्या रस्त्यावर ताशी 18 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला, पाहून प्रतिक्रिया देण्याचा एक सेकंद धरला तर, थांबायला सुमारे 10 मीटर लागतात. रेषेपासून त्याहून दूर असताना पिवळा लागला की थांबावे, त्याहून जवळ असताना लागला तर न कचरता पार व्हावे. बराच वेळ हिरवा असलेला दिवा दुरून दिसला, तर तो आता बदलणार असे धरून पेडल मारणे थांबवावे. उतारावरून येताना हे अंतर झपाट्याने वाढते.

लाल दिव्याबाबत सायकलींना कोठे कोठे सवलत आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्यात पूर्ण थांबून, वाट मोकळी पाहून सायकलस्वाराला पुढे जाता येते. पॅरिसमध्ये 2015पासून ठरावीक चौकांत, तशी छोटी पाटी असेल तेथे, लाल दिव्यावरही विशिष्ट दिशेला जाता येते. या सवलती त्या त्या ठिकाणच्या कायद्याने दिलेल्या आहेत, त्या सायकलीबरोबर प्रवास करत नाहीत. जेथे तसा कायदा नाही तेथे लाल म्हणजे थांबणे, रस्ता रिकामा असला तरी.

सिग्नल तुम्हाला ओळखतच नसेल तर

काही चौकांत सिग्नल ठरावीक वेळाने बदलत नाही. रस्त्याखाली पुरलेल्या तारेच्या वेटोळ्याला वाहन जाणवले तरच बदलतो. तुम्ही एकटे उभे आहात आणि पाच मिनिटे दिवा लालच आहे, असे झाले तर कारण बहुधा हेच असते. या वेटोळ्याला वजन कळत नाही. त्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे जवळच्या धातूत प्रवाह निर्माण होतात आणि वेटोळ्याचा विद्युत गुणधर्म किंचित बदलतो. तो बदल यंत्र टिपते. त्यामुळे लोखंडाचीच गरज नसते, ॲल्युमिनियमची रिमही चालते, आणि सायकलीला लोहचुंबक बांधून काहीच साधत नाही. फुल्या मारल्यासारख्या किंवा चौकोनी चिरा रस्त्यावर डांबराने भरलेल्या दिसतात, ती वेटोळ्याची खूण. चौकोनाच्या मध्यावर नाही, तर चिरेच्या रेषेवर दोन्ही चाके येतील अशी सायकल उभी करावी. तेवढ्यानेही काम झाले नाही तर पादचाऱ्यांचे बटण दाबून, उतरून ओलांडावे.

अंधार आणि पाऊस

पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हे किमान. त्यापलीकडे एक गोष्ट विशेष उपयोगी पडते: घोट्याला बांधलेली परावर्तक पट्टी किंवा पेडलवरचे रिफ्लेक्टर. चालकाच्या डोळ्याला अंधारात वरखाली होणारे दोन ठिपके दिसले की हा माणूस आहे आणि तो पेडल मारतो आहे, हे फार लवकर कळते. छातीवरचा स्थिर चमकणारा पट्टा तेवढे सांगत नाही, पाटीही तशीच चमकते. दोन्ही असतील तर उत्तमच.

पावसात रिमवर दाबणारे ब्रेक चाकाच्या पहिल्या काही फेऱ्यांत फक्त पाणीच पुसतात. थांबरेषेच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके लावून रिम कोरडी करून घ्यावी. झेब्रा पट्ट्यांचा रंग, गटाराची लोखंडी झाकणे आणि चौकात सांडलेले तेल ओले झाले की निसरडे होते, आणि या तिन्ही गोष्टी नेमक्या वळणाच्या जागी असतात. त्यांवरून सरळ जावे, झुकून वळू नये.

स्टिअरिंगमागे बसलेल्यांसाठी

सायकल शिकणाऱ्यांपैकी बरेच जण मोटारही चालवतात, आणि हा लेख त्यांनाही उद्देशून आहे.

चौकाच्या अलीकडे 50 मीटरांत सायकलस्वाराला ओलांडले आणि मग तुम्हाला डावीकडे वळायचे आहे, तर तो आता तुमच्या डाव्या अंगाला आहे, तुम्हाला दिसत असो वा नसो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्याला ओलांडूच नये. त्याच्या मागे वेग कमी करून राहावे आणि तो चौक पार झाल्यावर वळावे. ओलांडलेच असेल तर वळण्याआधी डावा आरसा पाहावा, मग डोके वळवून खिडकीतून पाहावे. आरसा एकटा पुरत नाही.

डोके हलवण्यावर भर देण्याचे कारण आहे. आपले डोळे एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारत जातात, आणि उडीच्या क्षणी मेंदू जवळजवळ काहीच टिपत नाही. मधली जागा तो अंदाजाने भरतो. झर्रकन उजवीकडे-डावीकडे मान फिरवणाऱ्याला रस्ता रिकामा दिसला, म्हणजे तो रिकामा होता असे नाही. त्यातच मोटारीच्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आहेत. सायकल आणि तुमची मोटार एकाच बिंदूकडे सारख्या प्रमाणात सरकत असतील, तर ती पूर्ण वेळ त्या खांबाच्या आडच राहू शकते. म्हणून दोनदा पाहावे, थांबून थांबून पाहावे, आणि पाहताना शरीर पुढे-मागे करावे.

सायकलींच्या चौकटीत मोटार नेऊ नये. आपण एकटेच तर आहोत, असे म्हणत पुढे सरकलेली पहिली मोटार मागून येणाऱ्या सर्व सायकलस्वारांना तिच्या डाव्या अंगाला ढकलते, म्हणजे नेमके जेथे ते असू नयेत तेथे.

दिवा हिरवा झाल्यावर पुढच्या सायकलस्वाराला दोन-तीन सेकंद द्यावेत. सायकल वेगात आल्याशिवाय स्थिर होत नाही. पहिल्या काही फेऱ्यांत ती डावी-उजवी डोलणारच. त्याच क्षणी मागून हॉर्न वाजला तर नवखा मागे वळून पाहतो आणि हॅंडलही वळवतो. काही शहरांत यासाठी सायकलींचा दिवा मोटारींच्या काही सेकंद आधी हिरवा करतात. न्यूयॉर्कमध्ये 2019पासून पादचाऱ्यांना दिलेली अशी आघाडी सायकलस्वारांनाही वापरता येते. जेथे दिवा ही आघाडी देत नाही, तेथे चालक ती देऊ शकतो.

उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या सायकलीचा वेग कमी धरू नये. युरोपीय संघातली विजेवर चालणारी सामान्य सायकलही ताशी 25 किलोमीटरपर्यंत मोटरची मदत घेते, आणि तिच्यावर बसलेला माणूस सावकाश पेडल मारताना दिसतो. पायांवरून वेगाचा अंदाज चुकतो.

सौजन्याने हात हलवून सायकलस्वाराला पुढे जाण्याची खूण करणेही टाळावे. तुम्ही थांबलात, पण शेजारच्या मार्गिकेतला थांबला आहे का, हे तुम्हाला ठाऊक नसते, आणि खूण पाहून निघालेल्या माणसाला तुमच्या मोटारीआडून तो दिसत नाही. आपला क्रम असेल तर जावे, नसेल तर शांतपणे थांबून राहावे. सायकलस्वार स्वतः पाहून निघेल.

आणि लाल दिव्यावर कोणाला उतरवायचेच असेल, तर मागच्या प्रवाशाला दाराच्या दूरच्या हाताने दार उघडायला सांगावे. डाव्या दारासाठी उजवा हात वापरला की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे, सायकली येतात त्या फटीकडे जाते.